एकच वॅगन-आर कोल्हापुरात सवलतीविना आणि पुण्यात सूट देऊन का विकली जाते?

आपला प्रश्न असा आहे की कोल्हापुरातील वितरक वॅगन-आर सीएनजीसाठी दीड-दोन महिने थांबायला सांगतो आणि एक रुपयाही कमी करत नाही, तर पुण्यातील वितरक तीच गाडी आठवड्याभरात आणि तीस-पस्तीस हजार रुपये कमी करून द्यायला तयार आहे. तेव्हा या दोघांपैकी कोण फसवत आहे, आणि गाडी पुण्याहून आणावी का. पश्चिम महाराष्ट्रातील एका मोटार वितरकाकडे मी बरीच वर्षे साठ्याचे आणि हिशेबाचे काम पाहिले आहे, त्या आधारावर उत्तर देतो. बहुधा दोघांपैकी कोणीही फसवत नाही. दोघांच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांची स्थिती वेगळी आहे, एवढेच.

प्रथम किंमत म्हणजे नेमके काय ते पाहू. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी शहरागणिक किंमत बदलण्याला खरे कारण होते, कारण राज्याराज्यांचे व्हॅटचे दर निराळे होते आणि मुंबईसारख्या शहरात त्यावर जकात पडत असे. आता एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणी आणि विमा धरण्यापूर्वीची किंमत, कंपनी ठरवते आणि राज्यांतर्गत तिच्यात नाव घेण्याजोगा फरक राहिलेला नाही. मोटार वाहन कर राज्याचा असल्याने तोही कोल्हापूर आणि पुणे येथे सारखाच लागतो. वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के कर आहे, तर सीएनजी गाडीला पूर्वी 7 टक्के होता, तो जुलै 2025 पासून 8 टक्के झाला. म्हणजे सहा लाखांची गाडी धरली, तर पेट्रोलला 66 हजार आणि सीएनजीला 48 हजार. हा फरक इंधनाचा आहे, गावाचा नाही.

गावाचा फरक खरोखर पडतो तो विम्यात, आणि तो आपल्या अपेक्षेच्या उलट दिशेने. खासगी मोटारींच्या विम्यासाठी देशाचे दोन विभाग मानले जातात. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात येतात आणि उर्वरित सारा देश ‘ब’ विभागात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता ‘अ’ विभागात थोडा जास्त असतो. त्यामुळे केवळ कागदावर पाहिले, तर कोल्हापूरची गाडी पुण्याच्या गाडीपेक्षा किंचित स्वस्तच पडायला हवी. कारखाना जवळ असल्याचाही येथे काही उपयोग नसतो. टाटा पंच रांजणगावला तयार होते, पण तेथून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या पुणेकराला ती त्या कारणाने स्वस्त मिळत नाही, कारण वाहतुकीचा खर्च कंपनी सरसकट सगळ्या किमतीत मिसळून टाकते.

मग तीस-पस्तीस हजार येतात कोठून? येथे वितरकाचा धंदा कसा चालतो ते समजून घ्यावे लागते. गाडी शोरूममध्ये उभी असते तेव्हा ती कंपनीची नसते. ती वितरकाने विकत घेतलेली असते, आणि तीही बहुतेक वेळा बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून उचललेल्या पैशांवर. कंपनीच्या दृष्टीने विक्री झाली ती वितरकाच्या नावाने बिल फाडले त्या दिवशी. वितरकाच्या दृष्टीने विक्री होते ती ग्राहकाची गाडी आरटीओत नोंदली जाते तेव्हा. या दोन तारखांच्या मधल्या प्रत्येक दिवसाचे व्याज वितरक भरतो. मोटार वितरकांच्या ‘फाडा’ या संघटनेच्या मते सुमारे तीन आठवड्यांचा साठा निरोगी समजावा. पण 2024 च्या सप्टेंबरअखेरीस तिनेच देशभरातील साठा 80 ते 85 दिवसांवर गेल्याचे जाहीर केले होते. ज्या वितरकाकडे अडीच महिन्यांचा माल पडून आहे, तो स्वतःच्या नफ्यातून पैसे सोडायला तयार होतो, कारण महिनाअखेरीस व्याज तर जातेच, शिवाय विक्रीचे लक्ष्य चुकले तर कंपनीकडून मिळणारी प्रोत्साहनपर रक्कमही हातची जाते. चार गाड्या कमी पडत असतील, तर त्या चारांवर तोटा सोसूनही बाकीच्यांवरचे बक्षीस पदरात पाडून घेणे त्याला परवडते. तीस तारखेला संध्याकाळी विक्री व्यवस्थापकाचा फोन आपल्याला अचानक येऊ लागतो तो याचमुळे.

कोल्हापुरातील वितरकाची अडचण याच्या अगदी उलट आहे. कंपनी गाड्यांचे वाटप करताना मुख्यतः मागील विक्री पाहते. पुण्यात अनेक वितरक, त्यांची जुनी विक्री मोठी, म्हणून त्यांचा वाटाही मोठा. सीएनजीची मागणी मात्र मागील विक्रीमागून जात नाही, ती पंपामागून जाते. एखाद्या जिल्ह्यात नवे पंप सुरू झाले की सहा महिन्यांत चौकशी दुप्पट होते, आणि वाटप मात्र मागच्या वर्षीच्या आकड्यांवर चालू राहते. याची दुसरी बाजू नागपुरात दिसली होती. तेथे द्रवरूप वायू टँकरने आणून त्यापासून सीएनजी तयार केला जात असे, आणि 2022 च्या मार्चमध्ये त्याचा दर किलोला 120 रुपयांच्या घरात गेला होता. अशा दराला सीएनजी गाडी घेण्यात ग्राहकाला रस उरत नाही. त्याच सुमारास, 1 एप्रिल 2022 पासून राज्याने सीएनजीवरील व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला आणि पुणे-मुंबई पट्ट्यात सीएनजी मॉडेलांची ओढ आणखी वाढली. एकाच राज्यातील दोन शहरांत एकाच गाडीची परिस्थिती इतकी वेगळी असू शकते.

सणांचा हिशेब यात मिसळला की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. पितृपक्षात गाडी कोणी घरी नेत नाही, आणि घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत सगळ्यांनाच हवी असते. 2025 मध्ये तर लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर 28 टक्के अधिक 1 टक्का उपकर यावरून 18 टक्क्यांवर आला तो 22 सप्टेंबरला, म्हणजे नेमका घटस्थापनेच्या दिवशी. त्यामुळे आधीचे तीन आठवडे शोरूम ओस पडली आणि नंतर एकदम झुंबड उडाली. कर उतरल्याने किंमत सुमारे साडेआठ टक्क्यांनी खाली येते, म्हणून ग्राहकांनी थांबणे योग्यच होते, पण त्या झुंबडीत कोणत्याही वितरकाला स्वतःच्या खिशातून सूट देण्याची गरज उरली नाही. आपल्या भागात याला उसाच्या बिलांचीही जोड असते. कारखान्यांनी हप्ता जमा केला की ट्रॅक्टरइतकीच मोटारींचीही चौकशी वाढते, आणि हे पुण्याच्या बाजारात कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता एक गोष्ट, जी ग्राहकांना सहसा ठाऊक नसते. वितरकाला किती सवलत द्यायची याचे स्वातंत्र्य कायद्याने असले, तरी व्यवहारात ते नेहमी होतेच असे नाही. 2017 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे मारुती सुझुकीच्या एका वितरकाने निनावी ईमेल पाठवला होता. त्यात मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्रातील वितरकांना ठरवून दिलेल्या योजनेपलीकडे सूट देऊ दिली जात नाही आणि दिल्यास दंड होतो, अशी तक्रार होती. चौकशीत असे आढळले की कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे ग्राहक बनून शोरूममध्ये जात, संभाषणाचे ध्वनिमुद्रण करीत, आणि जास्त सूट देऊ करणाऱ्या वितरकाला, इतकेच नव्हे तर त्याच्या विक्री प्रतिनिधीलाही दंड होई. 23 ऑगस्ट 2021 रोजी आयोगाने कंपनीला 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. हे सांगण्याचे कारण इतकेच की ‘साहेब, एवढेच करता येते’ असे म्हणणारा विक्री प्रतिनिधी दर वेळी नाटक करत असतो असे समजू नये. त्याच्यासमोरचा माणूस खरा ग्राहक आहे की नाही, याची धास्ती त्या व्यवसायाने अनुभवलेली आहे.

म्हणून उघड सूट जेथे देता येत नाही तेथे ती आडमार्गाने दिली जाते, आणि आडमार्गानेच परतही घेतली जाते. आपण दोन्ही शहरांची कोटेशने शेजारी ठेवून पाहिलीत, तर पुण्याच्या पस्तीस हजारांत बहुधा एक्स्चेंज बोनस धरलेला दिसेल, जो जुनी गाडी दिली तरच मिळतो, आणि कॉर्पोरेट सूटही असेल, जिच्यासाठी ठरावीक कंपन्यांचे ओळखपत्र लागते. मग खाली विम्याची रक्कम पाहा. नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे, आणि 1000 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी त्याचा दर 2022 च्या जूनपासून 6521 रुपये, तर 1500 सीसीपर्यंत 10,640 रुपये असा ठरलेला आहे. त्यावरची उर्वरित रक्कम मात्र वितरकाच्या मर्जीनुसार फुगू शकते. सवलत वरच्या ओळीत द्यायची आणि विमा, अॅक्सेसरीज व वाढीव वॉरंटी यांच्या ओळींत निम्मी परत घ्यायची, हा प्रकार मी आमच्याच कार्यालयातील कागदांवर पाहिला आहे. ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ आढळली, तर ती सरळ काढायला सांगावी; ती रक्कम आरटीओला जात नाही. विमा बाहेरून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तसे म्हणताच आकडा कसा खाली येतो ते पाहण्यासारखे असते.

पुण्याहून गाडी आणायला कायद्याची आडकाठी नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर वाहनाची नोंदणी राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकरणाकडे करता येते; तरीही आपल्याला एमएच-09 हवे असेल, तर वितरकाकडून तसे आधीच लेखी घ्यावे, कारण पुण्यातील वितरक सवयीने एमएच-12 किंवा एमएच-14 कडे कागद पाठवतो. सर्व्हिस आणि वॉरंटी देशभर कोठेही चालते. कोल्हापुरात गाडी घेतली नाही म्हणून तेथील कार्यशाळा आपल्याला नाकारू शकत नाही. गोव्यातून किंवा अन्य राज्यातून कमी करात नोंदणी करून आणण्याचा सल्ला कोणी देईल, तो मात्र ऐकू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाला तेथील नोंदणी घ्यावी लागते, आणि तेव्हा महाराष्ट्राचा कर भरावाच लागतो.

पुण्याला जाण्यापूर्वी तेथील वितरकाला एकच विचारा: सूट ज्या गाडीवर आहे तिचा चासिस क्रमांक आणि निर्मितीचा महिना कोणता. गेल्या डिसेंबरातील गाडी असेल, तर पस्तीस हजार ही मेहेरबानी नाही, कारण पुढे विकताना एक वर्ष जुनी म्हणून तेवढे पैसे आपल्याच खिशातून जाणार आहेत. अशा गाडीवर याहून अधिक मागावे. दोन-तीन महिन्यांपूर्वीचीच असेल, रंग आपल्याला चालणार असेल आणि विम्याच्या ओळीत काही परत घेतलेले नसेल, तर अवश्य घ्यावी. त्या कोटेशनची प्रत कोल्हापूरच्या वितरकालाही दाखवावी. तो पस्तीस देणार नाही, पण रद्द झालेल्या एखाद्या बुकिंगची गाडी आपल्याकडे वळवू शकतो, आणि बुकिंगची रक्कम भरताना ती रद्द केल्यास किती दिवसांत परत मिळेल हे पावतीवरच लिहून घ्यावे.