सुट्टीत वाडीवरच्या मुलांना कोरडा शिधा द्यावा की शिजवलेले जेवण?

आपला तालुका दुष्काळी आहे, शाळेला उन्हाळी सुट्टी लागते आहे आणि वाडी-तांड्यावरच्या मुलांना शिधा घरपोच द्यावा की जेवण शिजवून न्यावे, असे आपण विचारले आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून दोन्ही प्रकारे वाटप केले आहे. माझे मत शिजवलेल्या जेवणाच्या बाजूचे आहे.

वर्गणी गोळा करण्याआधी हक्काचे मागा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 दुपारच्या जेवणातून शाळेच्या सुट्ट्या वगळतो. परंतु दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही हे जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्ये दिलेला आहे. त्याचा उल्लेख करून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी.

शिध्याचा अनुभव 2020 मधला, करोनाच्या टाळेबंदीतला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे चाळीस दिवसांचे चार किलो. चौथीतली एक मुलगी पिशवी नव्हती म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली होती. गाठ मारताना सांडलेले दाणे तिने मातीतून एकेक वेचून घेतले. घरात खाणारी सहा तोंडे होती, त्यामुळे तिचे चाळीस दिवसांचे तांदूळ आठवडाभरही पुरले नाहीत. यात त्या माउलीचा काही दोष नाही. घरात आलेले धान्य सगळ्यांचेच होते. शिजवून पानात वाढलेले अन्न मात्र त्या मुलाच्याच पोटात जाते.

आता पोहोचवण्याचे. मे महिन्याच्या उन्हात तीन किलोमीटर चालून मूल शाळेत येणार नाही, म्हणून शक्यतो वस्तीवरच, समाजमंदिरात किंवा एखाद्या ओसरीवर, तिथल्याच बाईंकडून स्वयंपाक करून घ्यावा. ते जमत नसेल तर शाळेत शिजवून झाकणाच्या डब्यातून मोटारसायकलवर न्यावे. उन्हाळ्यात खिचडी लवकर आंबते, तेव्हा शिजल्यावर रेंगाळू नये आणि वाढण्याआधी स्वतः चव घ्यावी. वेळ सकाळी नऊची ठेवावी, कारण त्यानंतर मुले शेळ्या घेऊन किंवा पाण्याला निघून जातात.

पटापेक्षा चार-सहा ताटे जास्तच शिजवावीत. कडेवरच्या भावाला आपले ताट भरवून स्वतः पाणी पिऊन उठणारी मुलगी मी पाहिली आहे, आणि त्या दिवशी माझ्या डब्यात काहीही उरलेले नव्हते.