आरएनएसाठी औषधरेणू घडवायला अमेरिकेत पीएचडी: तुझ्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. चालू आहे, पुढच्या ऑगस्टला अमेरिकेत पीएचडी सुरू करायची आहे, विषय आरएनएला बांधणारे छोटे रेणू. नुसती सिंथेसिस येत असेल तर चालेल का, लॅब कशी निवडायची, आणि निघण्याआधी काय शिकून घ्यायचं?

सिंथेसिसच्या बळावर प्रवेश मिळेल. पण या विषयात रेणू बनवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. आरएनएच्या कण्यावर ऋणभार ठासून भरलेला असतो, त्यामुळे दोन-तीन अमाइन असलेला जवळजवळ कुठलाही सपाट अरोमॅटिक रेणू त्याला चिकटतो. तो हव्या त्याच आरएनएला, हव्या त्याच जागी चिकटतो हे दाखवण्यात पीएचडीची वर्षं जातात. म्हणून लॅब निवडताना आणि तयारी करताना एकच निकष लाव: इथे हे दाखवायची साधनं आणि शिस्त आहे का?

विषय भक्कम आहे याबद्दल शंका नको. २००० साली मंजूर झालेलं लिनेझोलिड हे प्रतिजैविक जिवाणूंच्या २३एस रायबोसोमल आरएनएला (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या आरएनएला) बांधतं. ऑगस्ट २०२० मध्ये मंजुरी मिळालेलं रिसडिप्लाम स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या रुग्णांना तोंडाने देता येतं. एसएमएन२ जनुकाच्या सातव्या एक्सॉनच्या (अंतिम आरएनएत ठेवल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) शेवटी स्प्लायसिंगच्या, म्हणजे आरएनएचे तुकडे कापून जोडणाऱ्या, यंत्रणेतल्या यू१ आरएनएशी जी जोडी जुळते, तिच्यात एक अ‍ॅडेनिन बाहेर डोकावतं. रिसडिप्लाम नेमकी ती जोडी पक्की करतं, एक्सॉन गाळला जात नाही आणि पूर्ण प्रथिन तयार होतं. त्याच जातीच्या ब्रानाप्लामची गोष्टही वाचून ठेव. हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराच्या रुग्णांवरच्या चाचणीत परिघीय चेतातंतूंना इजा दिसू लागली आणि २०२२ मध्ये डोस थांबवावे लागले. स्प्लायसिंग बदलणारा रेणू एकाच जनुकापाशी थांबेल असं गृहीत धरता येत नाही.

लक्ष्य कुठलं निवडायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. रायबोस्विचमध्ये (छोटा रेणू बांधला की जनुक चालू-बंद करणाऱ्या आरएनएच्या भागात) खरा खळगा असतो, कारण निसर्गानेच तो एखाद्या चयापचयी रेणूसाठी घडवलेला असतो. मर्कच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये रायबोसिल जाहीर केलं, ते एफएमएन या रायबोफ्लेविनपासून बनणाऱ्या रेणूच्या रायबोस्विचला बांधतं. त्यांनी सुरुवात आरएनएपासून केलीच नव्हती. जिवाणूंची वाढ थांबवणारे आणि रायबोफ्लेविन घातल्यावर ज्यांचा परिणाम नाहीसा होतो असे रेणू त्यांनी शोधले, मग त्यांना दाद न देणारे जिवाणू वाढवून त्यांचा जीनोम वाचला. उत्परिवर्तनं रायबोस्विचमध्येच सापडली. लक्ष्य सिद्ध करण्याचा इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात क्वचित दिसतो, म्हणून तो शोधनिबंध मुळातून वाच. याच्या दुसऱ्या टोकाला एचआयव्हीचं टार आरएनए आहे. तीन न्यूक्लिओटाइडांचा फुगवटा असलेली ही केसपीन (स्वतःवरच दुमडलेली साखळी) गेली कित्येक दशकं अभ्यासली जाते आहे, बांधणारे रेणू ढिगाने आहेत, पण त्यातून बाजारात एकही औषध आलेलं नाही. शिकायला टार उत्तम, पण थिसिसचा सगळा भार त्यावर टाकू नकोस. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारातल्या सीयूजी या तीन अक्षरांच्या पुनरावृत्ती मधल्या वाटेवर आहेत: एकच यू-यू लूप ओळीने पुन्हापुन्हा येत असल्यामुळे दोन बांधणारे गट एका साखळीने जोडले की पकड आणि निवडकता दोन्ही वाढतात.

आता प्रत्यक्ष बाकावरचं काम. हे जमलं नाही तर पहिलं वर्ष वाया जातं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

साधारण चाळीस-पन्नास न्यूक्लिओटाइडांपर्यंतचं आरएनए बनवून विकत मागवता येतं. त्याहून लांब असेल तर टी७ पॉलिमरेज या विकराने ट्रान्स्क्रिप्शन (डीएनएच्या टेम्प्लेटवरून आरएनए बनवणं) कर. क्रमाची सुरुवात दोन जी-ने ठेव, नाहीतर उत्पन्न घसरतं. टी७ शेवटाला एखादं जास्तीचं न्यूक्लिओटाइड चिकटवतं. टेम्प्लेट साखळीच्या पाच-प्राइम टोकाची शेवटची दोन न्यूक्लिओटाइडं टू-प्राइम-ओ-मेथिल घेतली की हा त्रास बराच कमी होतो. अभिक्रियेत पांढरा गाळ दिसला तर घाबरू नकोस, ते मॅग्नेशियम पायरोफॉस्फेट असतं. ईडीटीए घातल्यावर विरघळतं. शुद्धीकरण युरियाच्या जेलवर. यूव्हीखाली पट्टी पाहताना दिवा काही सेकंदच लाव, जास्त वेळ ठेवलास तर आरएनए खराब होतं. बफरमधलं स्पर्मिडीन नीट डायलिसिस करून काढलं नाही तर ते तुझ्या रेणूशी स्पर्धा करतं आणि पकड आहे त्यापेक्षा कमकुवत दिसते.

घडी घालणं ही वेगळी पायरी आहे. कमी मिठाच्या, मॅग्नेशियम नसलेल्या बफरमध्ये ९५ अंशांवर दोन मिनिटं तापवून थेट बर्फात घातलं की केसपीन मिळते. मॅग्नेशियम थंड झाल्यावरच घाल, कारण ते असताना तापवलं तर टू-प्राइम हायड्रॉक्सिल शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. सावकाश थंड केलं आणि आरएनएची तीव्रता जास्त असली, तर दोन रेणू एकमेकांशी जुळून डायमर बनतो. एनएमआर वर्णपटासाठी लागणाऱ्या तीव्रतेला हे हटकून होतं. दर वेळी नेटिव्ह (घडी न उलगडणाऱ्या) जेलवर एक पट्टी पाहूनच पुढे जा. न्यूक्लिएज या आरएनए तोडणाऱ्या विकरांपासून बचावासाठी हातमोजे, फिल्टरच्या टिप्स आणि छोटे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर साठवण. ट्रिस बफरला डीईपीसी (न्यूक्लिएज निष्क्रिय करणारं रसायन) लावू नकोस, ट्रिसचा अमाइन त्याच्याशीच अभिक्रिया करतो. डीईपीसी लावून ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्यात ट्रिस नंतर घाल.

पकड मोजताना पहिली चाळणी बहुधा थायाझोल ऑरेंजसारखा रंग विस्थापित करून होते. तुझा रेणू स्वतः चमकत असेल किंवा प्रकाश शोषत असेल तर आकडा खोटा येतो, तेव्हा आरएनए न घालता केवळ रेणू आणि रंगाचा नियंत्रण प्रयोग हवाच. मोजणीच्या द्रावणात ०.०१ टक्का ट्रायटन किंवा ट्वीन हे साबणासारखं द्रव्य घातल्यावर परिणाम गेला तर रेणूंचे गोळे बनत होते असं समज. विघटन स्थिरांक (अर्धं आरएनए बांधलं जातं ती रेणूची तीव्रता) काढताना आरएनएची तीव्रता त्या स्थिरांकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा खाली ठेव. ती वर गेली की वक्र फक्त एका आरएनएला किती रेणू बांधतात ते प्रमाण दाखवतो, पकड नाही.

मग दोन कसोट्या, ज्या कधीच टाळू नयेत. पहिली, शंभरपट टीआरएनए (पेशीत सर्वत्र असणारं, तुझं लक्ष्य नसलेलं आरएनए) घालून तीच मोजणी पुन्हा. दुसरी, पोटॅशियम क्लोराइड ५० वरून १५० मिलिमोलरवर नेऊन पुन्हा. मीठ वाढवल्यावर १ मायक्रोमोलरची पकड ५० मायक्रोमोलरवर घसरली, तर भाराच्या आकर्षणाशिवाय तिथे फारसं काही नव्हतं. प्रत्येक नव्या अमाइनने आकडा सुधारतो आणि सिंथेसिस करणाऱ्याला तो मोह आवरत नाही. निवडकता मात्र त्यातून येत नाही.

रसायनशास्त्रातून येणारे आणखी एका ठिकाणी हमखास फसतात. एचपीएलसीवर शुद्ध केलेले अमाइन बहुधा ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट (टीएफए) क्षार असतात. मुक्त रेणूचं वजन ४०० आणि त्याच्यासोबत दोन टीएफए असतील तर खरं वजन ६२८. ४०० धरून तोललंस तर तुझं द्रावण समजतोस त्याच्या ६४ टक्केच तीव्र असतं. शिवाय जास्त तीव्रतेला बफरचा पीएच खाली येतो आणि पेशींना टीएफए मानवत नाही. हायड्रोक्लोराइडमध्ये बदलून घे आणि फ्लोरिन एनएमआरवर खात्री कर.

आयटीसीमध्ये (बांधणीची उष्णता मोजणाऱ्या पद्धतीत) डीएमएसओ या द्रावकाचं प्रमाण सिरिंज आणि सेल दोन्हींत तंतोतंत सारखं हवं. अर्ध्या टक्क्याचा फरक असला तरी विरळ होण्याची उष्णता खरा संकेत गिळून टाकते. पण मला विचारशील तर सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे प्रोटॉन एनएमआरमधला इमिनो भाग (बेसच्या जोड्यांतल्या हायड्रोजनचे संकेत), १० ते १५ पीपीएम. नमुना ९० टक्के साध्या पाण्यात आणि १० टक्के जड पाण्यात. रेणू घातल्यावर फुगवट्याजवळचे दोन-तीन संकेत सरकले आणि बाकीचे जागेवर राहिले, तर तो नेमक्या जागी बसतो आहे. सगळेच संकेत एकदम रुंदावून विरले, तर रेणू सर्वत्र चिकटतो आहे किंवा आरएनएचा गाळ होतो आहे. एका दुपारच्या या प्रयोगाने कित्येक महिन्यांची चुकीची वाट टळते.

पेशीतला किंवा लांब आरएनएवरचा पुरावा शेप पद्धतीने (आरएनएचे कुठले भाग लवचीक आहेत ते रसायनाने तपासून) मिळतो. तिथला वन-एम-सेव्हन हा अभिकर्मक पाण्यात ३७ अंशांवर सुमारे १४ सेकंदांत अर्धा संपतो. त्यामुळे डीएमएसओ कोरडं हवं आणि द्रावण ऐन वेळी बनवलेलं. तुलनेला केवळ डीएमएसओ घातलेला नमुना असलाच पाहिजे. डॉकिंगवर (संगणकावर रेणू बसवून पाहण्यावर) मात्र फार विसंबू नकोस. हाशिम अल-हाशिमी यांच्या गटाने एनएमआरने दाखवलं की टार एका आकारात बसून राहत नाही, अनेक आकारांमध्ये फिरत असतं. त्यातल्या एकाच चित्रावर गुण काढून रेणू निवडला तर निकाल नशिबावर जातो. आणि प्रत्येक चांगल्या रेणूबरोबर त्याचा निष्क्रिय जोडीदार बनव: भार तोच, पण एखादा गट हललेला. तुझी सिंथेसिस इथे सोन्याच्या मोलाची आहे. जीवशास्त्राच्या बाजूने आलेल्यांना हा जोडीदार बनवता येत नाही, म्हणून ते मिठाच्या कसोटीवर आणि उत्परिवर्तित आरएनएवर भागवतात.

लॅबचं. फ्लोरिडात ज्युपिटरला मॅथ्यू डिस्नी यांचा गट आहे. पूर्वीचं स्क्रिप्स फ्लोरिडा २०२२ पासून फ्लोरिडा विद्यापीठात आलं आहे. पुनरावृत्ती आरएनए, सूक्ष्म-आरएनए ज्यांतून कापून निघतात ते लांब आरएनए, आणि आरनेज एल या पेशीतल्याच विकराला बोलावून आरएनए कापायला लावणारे रेणू हे त्यांचं क्षेत्र. शेप पद्धत केविन वीक्स यांच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलच्या लॅबमध्ये जन्मली. अल-हाशिमी २०२२ मध्ये ड्यूकहून कोलंबियाला गेले. मेरिलंडमधल्या फ्रेडरिक गावी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जॉन श्नीक्लोथ यांचा गट काचेवर रेणूंचे ठिपके लावून चाळणी करतो, पण ती संस्था स्वतः पीएचडी देत नाही, त्यामुळे त्याचा विचार पोस्टडॉकसाठी कर. अमेरिकेवरच अडून बसायचं नसेल तर जर्मनीत फ्रँकफर्टच्या ग्योथे विद्यापीठात हाराल्ड श्वाल्बे यांच्याभोवती आरएनए एनएमआरची मोठी परंपरा उभी आहे.

अमेरिकेतल्या रसायनशास्त्र विभागांत बहुधा प्रवेश विभागात मिळतो, लॅब पहिल्या वर्षात ठरते. म्हणून ज्या विभागात तुला चालतील असे किमान तीन गट आहेत तिथेच अर्ज कर. एकाच नावासाठी गेलीस आणि त्या वर्षी त्यांच्याकडे जागा किंवा निधी नसला तर अडकशील. बहुतेक अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात. प्राध्यापकांना पत्र लिहिताना स्तुती नको. त्यांच्या एका निबंधातला एक प्रयोग घे आणि तू कोणता नियंत्रण प्रयोग जोडला असतास ते चार ओळींत लिही. मुलाखतीत, किंवा त्याहून चांगलं म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांना, हे विचार: आरएनए कोण बनवतं? एनएमआरवर वेळ किती आठवड्यांनी मिळतो? पेशींवरचे प्रयोग लॅबमध्येच होतात की दुसऱ्या गटाकडे पाठवतात? शेवटचे तीन विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले?

निघण्याआधीचे महिने पुण्यातच सत्कारणी लाव. आयसर आणि एनसीएलमध्ये पीएनए (पेप्टाइडसारखा कणा असलेलं कृत्रिम न्यूक्लिक आम्ल) आणि न्यूक्लिओटाइड रसायनाचं काम जुनं आहे. एखाद्या गटात उन्हाळी प्रकल्प मिळाला तर सिंथेसिस मागू नकोस, ट्रान्स्क्रिप्शन, युरिया जेल आणि फ्लुओरेसन्सवरची मोजणी माग. घरी आरएनएफोल्ड या रचना वर्तवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टारचा क्रम घालून पाहा, आणि केवळ सर्वांत कमी ऊर्जेची रचना न पाहता तिच्या जवळपासच्या पर्यायी रचनाही बघ.

कागदपत्रांचं थोडक्यात. आय-२० (विद्यापीठाचं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आलं की ३५० डॉलरचं सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क भर, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. रसायन आणि जैवतंत्रज्ञानाच्या संशोधकांना व्हिसाच्या मुलाखतीनंतर २२१(जी) कलमाखाली जादा तपासणी लागू शकते, म्हणून एक पानाचा साधा संशोधन आराखडा, बायोडेटा आणि प्रकाशनांची यादी सोबत ठेव आणि मुलाखत शक्य तितकी लवकर घे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश करता येत नाही. पदवीनंतर १२ महिन्यांचा ओपीटी (विषयाशी निगडित काम करायची परवानगी) आणि स्टेमचे, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांचे, आणखी २४ महिने मिळतात. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीच्या दोन्ही डोसांची नोंद इथेच करून घे, बहुतेक विद्यापीठं मागतात. स्टायपेंडचा पहिला हप्ता यायला उशीर होऊ शकतो, त्यामुळे घराची अनामत आणि दीड-दोन महिन्यांचा खर्च हाताशी असू दे.

आणि स्वतः बनवलेली संयुगं बॅगेत टाकून नेऊ नकोस. सीमाशुल्कावर नाव-सूत्र नसलेली पांढरी पूड अडकते, शिवाय ती तुझी नसून संस्थेची मालमत्ता असते. नेणं आवश्यकच असेल तर दोन्ही संस्थांमध्ये साहित्य हस्तांतर करार करून, सुरक्षा माहितीपत्रकासह, कुरियरने पाठवतात. याला महिने लागतात, तेव्हा मार्गदर्शकांशी हे मार्च-एप्रिलमध्येच बोलून घे. वहीची मूळ प्रतही इथेच राहते. वर्णपटांच्या प्रती नेण्यासाठी त्यांची लेखी परवानगी घे.