फ्रिजमध्ये कुठे ठेवणार?

"मॅडम, तिथे आमचा नंबरच लागत नाही. ठाण्यात येऊन उरकून घेऊ का?"

मी समुपदेशक. मूल होण्यासाठी आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, करू पाहणारी परदेशातली जोडपी माझ्याशी ऑनलाइन बोलतात. गेल्या तीन-चार वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की स्क्रीनवर जोडपं दिसलं आणि मागच्या खिडकीत राखाडी आभाळ असलं की तो मला आधीच ऐकू येतो. लीड्स, म्युनिक, टोरांटो, गावं बदलतात. 'उरकून' हा शब्द काही बदलत नाही.

मृण्मयी आणि केदार (नावं बदलली आहेत) लीड्सचे. ती चौतीस, तो सदतीस. दोघंही आयटीत, माहेर-सासर दोन्ही ठाण्यात. त्यांची सकाळ साडेसातची, माझ्या नौपाड्यातल्या खोलीत दुपारचा एक.

पहिल्या दिवशी मृण्मयी नुसती भडकलेली होती. "दरवर्षी माणशी १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज. तोही व्हिसा काढताना सगळ्या वर्षांचा एकदम. आणि आयव्हीएफ म्हटलं की सांगतात, तुम्ही यात बसत नाही."

माहिती तिची बरोबर होती. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१७ पासून हा सरचार्ज भरणाऱ्या व्हिसाधारकांना एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, आयव्हीएफ मोफत मिळत नाही. कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, हातात येईपर्यंत खासगी क्लिनिक आणि काही हजार पौंड. नंतरही तुम्ही कुठल्या भागात राहता त्यावर उपचारांच्या किती फेऱ्या मिळणार ते ठरतं. जर्मनीत आणखी वेगळं. तिथला सरकारी आरोग्य विमा पहिल्या तीन प्रयत्नांचा निम्मा खर्च उचलतो, पण लग्न झालेलं हवं, बाईचं वय २५ ते ४० मधलं हवं आणि मंजुरी उपचार सुरू होण्याआधी हवी. आधी सुरू केलं आणि मग कागद पाठवले, तर पैसे गेले. म्हणून माझं प्रत्येकाला सांगणं असतं, की आपल्याला लागू होणारा नियम स्वतः वाचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी वहिनीला काय मिळालं, ते सोडून द्या.

मृण्मयीला नियम पाठच होता. पण ती त्यातून भलतंच काढत होती.

"म्हणजे आमचं मूल त्यांना नकोय."

"नकाराच्या पत्रात तसं लिहिलंय?"

"लिहिल्यासारखंच आहे."

"मग काय लिहिलंय तेवढंच वाच."

तिने वाचलं. व्हिसाचा प्रकार आणि तारीख, बाकी काही नव्हतं. "हे दुखतं हो," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. आपल्यावर अन्याय झाला असं वाटणं वेगळं आणि आपणच नालायक आहोत असं वाटणं वेगळं. पहिल्यावर तक्रार करता येते, दुसऱ्यात माणूस नुसता कुढतो. माझी जडणघडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत झालेली. घटना आणि आपण तिला दिलेलं नाव यांतली फट शोधायची सवय त्यामुळे हाडात मुरली आहे.

मग ठाण्याची योजना. दिवाळीची तीन आठवडे रजा, सासरी मुक्काम आणि कुणाला पत्ता लागू न देता आयव्हीएफ. मी डॉक्टर नाही, पण इंजेक्शनंच दहा-बारा दिवस चालतात, मग स्त्रीबीजं काढायची, मग गर्भ गर्भाशयात सोडायचा आणि निकालाला पुढे साधारण दोन आठवडे, एवढं मला ठाऊक आहे. 'गर्भ इथे गोठवू आणि पुढे लीड्सला मागवू' हेही त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्याकडच्या २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान, कायद्यानुसार स्वतःचा गर्भसुद्धा राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. हे क्लिनिकला पैसे भरण्याआधी विचारायचं.

दोघं मुकाट लिहून घेत होते. तेवढ्यात मी सहज विचारलं, "यातली बरीच इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात. कुठे ठेवणार?"

"फ्रिजमध्ये."

"कोणाच्या?"

केदार थांबला. "आईच्या."

"भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली," मृण्मयी म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली, ते तिलाही कळलं नाही. केदार कॅमेऱ्याच्या बाहेर सरकला. त्याचा फक्त खांदा दिसत होता.

मी काही बोलले नाही. वीस वर्षांनी एवढं शिकले आहे, की मोठा प्रश्न विचारला की माणूस भाषण करतो आणि फ्रिजचा विचारला की खरं बोलतो.

"आईला सांगता येत नाही," शेवटी खांदा बोलला. "दोष माझ्यात आहे. आणि ती चार वर्षं हिलाच उपास सांगतेय."

व्हिसा, पौंड, रजा यांच्या खाली हे होतं. मृण्मयीने चार वर्षं गप्प बसून नवऱ्याची अब्रू राखली होती, आणि याची तिला स्वतःलाही धड जाणीव नव्हती.

"रिपोर्ट जवळ आहे? 'दोष' हा शब्द कुठे आहे, ते दाखव."

त्याने वरपासून खालपर्यंत वाचला. मिलिलिटरला चाळीस लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा एक कोटी साठ लाख आहे. दोन्ही आकडेच. "शब्द नाहीये," तो म्हणाला.

पुढची दोन सत्रं आम्ही एका फोनची तालीम केली. पहिला मसुदा होता, "आई, दोघांचंच थोडं थोडं आहे." मी तो खोडला. त्याने पुन्हा तसाच गुळगुळीत आणला, तोही खोडला. तिसरा असा: "आई, माझे शुक्राणू कमी आहेत. मृण्मयीचे रिपोर्ट चांगले आहेत. तिला आता काही सांगू नकोस."

फोन झाल्यावर दोन दिवस आईंचा आवाज नव्हता. मृण्मयीने घाबरून मला मेसेज केला. मी वाट पाहायला सांगितली, आणि खरं सांगायचं तर मीही जरा धास्तावले होते.

दिवाळीचा बेत त्यांनी सोडला. मृण्मयी जानेवारीत दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन आली. आयएलआरसाठी कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नसतं, तो हिशेब तिने आधी केला. केदार बीजं काढायच्या आठवड्यापुरता आला. गर्भ गोठवलेत, सोडायचं अजून व्हायचंय.

तिसऱ्या दिवशी आईंनीच फोन केला होता. शुक्राणूंबद्दल अक्षर नाही. एवढंच विचारलं, "ती इंजेक्शनं फ्रिजच्या दारात चालतील, का आत ठेवायची? आत असेल तर मला दह्याचं पातेलं हलवावं लागेल."