इमर्जन्सीत जायचंय? मग आधी हे वाच

पीए (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारी व उपचार करणारी) झालीस, पॅन्स ही परवान्यासाठीची परीक्षाही पास झालीस. आता हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात थेट नोकरी की अजून वर्षभर रेसिडेन्सी (पगार घेत कामावरच घ्यायचं जास्तीचं प्रशिक्षण), हा तुझा प्रश्न. अमेरिकेत इमर्जन्सीत काम करायला ही रेसिडेन्सी सक्तीची नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. बहुतेक कार्यक्रम 12 ते 18 महिन्यांचे असतात आणि पगार थेट नोकरीपेक्षा बराच कमी. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर हा हिशोब आधी मांड.

मुलाखतीत इमारतीचा चकचकाट पाहू नकोस. इन्ट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं), छातीत नळी घालणं हे सगळं तुझ्या हाताला किती वेळा मिळेल, ते विचार. डॉक्टर रेसिडेंटही तिथेच शिकत असतील तर प्रोसिजर आधी कुणाच्या वाट्याला येते? हे प्रश्न कार्यक्रम सांभाळणाऱ्यांना नको, सध्या शिकणाऱ्या पीएला विचार, तेही एकटं गाठून. आयसीयू, ट्रॉमा, बालरुग्ण, अल्ट्रासाउंड यांच्या पाळ्या आहेत का, की नुसतं फास्ट ट्रॅकमध्ये (किरकोळ दुखण्यांच्या विभागात) टाके घालायला बसवतात? (टाके तू तसेही शिकशीलच.)

एआरसी-पीए ही पीए शिक्षणाला मान्यता देणारी संस्था; रेसिडेन्सीसाठी तिची मान्यता ऐच्छिक आहे, त्यामुळे ती नसली म्हणून कार्यक्रम टाकाऊ ठरत नाही. पण मग चौकशी दुप्पट कर. एनसीसीपीएचं (पीएंना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं) इमर्जन्सीचं सीएक्यू, म्हणजे त्या विषयातलं जास्तीचं प्रमाणपत्र, 2011पासून आहे, पण त्याला अनुभवाचे तास लागतात. त्यामुळे प्रोसिजरची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेव. मी ती आळसाने तीन महिने उशिरा सुरू केली आणि नंतर जुने चार्ट उकरत बसले.