चोथ्यातली हळद आणि 20 लाखांची एफडी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा-बायको मिळून औषधी काढ्यांचा छोटा कारखाना चालवतात. रोज 200 किलो ओला चोथा निघतो, तो फुकट खताला जातो. त्या चोथ्यातून अर्क काढायच्या प्लांटचं 38 लाखांचं कोटेशन आलंय. 20 लाखांची एफडी मोडायची आणि 18 लाख कर्ज काढायचं, असा बेत आहे. करू का, असं विचारतायत.

ताई, कल्पना खुळी नाही. काढ्यात उतरतं ते पाण्यात विरघळणारं. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा घटक, पाण्याला दाद देत नाही, ते बरंचसं चोथ्यातच राहतं आणि अल्कोहोलमध्ये सुटतं. म्हणजे तुम्ही टाकताय त्यात माल आहे. किती आहे, ते मात्र पत्रात नाही. उतारा म्हणजे शंभर किलोतून किती किलो माल निघतो ते, साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे मी सांगायला नको. तुम्ही लिहिलेला 4 टक्के उतारा मशीनवाल्याच्या माहितीपत्रकातला आहे, तुमच्या चोथ्याचा नाही.

तरी तोच धरू. 200 किलोतलं 140 किलो पाणी गेलं की 60 किलो सुका चोथा उरतो. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1,500 किलो, त्याचा अर्क 60 किलो. सुक्या चोथ्याच्या किलोला 8 लिटर अल्कोहोल म्हणजे रोज 480 लिटर. त्यातलं 5 टक्के उडालं किंवा चोथ्यात अडकलं, तर रोज 24 लिटर गेलं. 90 रुपये लिटरने महिन्याला 54,000. कर्जाचा हप्ता, 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा, 39,000च्या वर. मजुरी, वीज, वाळवणाचं जळण काहीही न धरता अर्काच्या किलोमागे 1,550 रुपये इथेच गेले. शिवाय 7 टक्क्यांनी एफडीचं महिन्याला 11,600 व्याज बुडालं ते वेगळं.

आता उतारा वाढवायचा म्हणजे मोठं मशीन घ्यायचं असं नाही. 8 लिटर एकदम ओतण्याऐवजी तेच तीन वेळा थोडंथोडं घालून काढलं, तर जास्त सुटतं. चहाच्या चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी घालणाऱ्या घरात हे वेगळं शिकवावं लागत नाही. भरडही महत्त्वाची : जाड राहिली तर आतला माल बाहेर येत नाही, पिठासारखी झाली तर गाळणी चोंदते. अशाने उतारा 4चा 6 टक्के झाला, तर वरचा 1,550चा आकडा 1,030च्या आसपास येतो. आणि अल्कोहोलची गळती 5ची 2 टक्के केली तर 54,000चे 21,600 होतात. म्हणून कोटेशनमध्ये मी आधी अल्कोहोल परत मिळवणारा भाग बघेन. तुमच्या कोटेशनमध्ये त्याला जेमतेम एक ओळ आहे!

आणखी दोन गोष्टी. ओला चोथा एका-दोन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो, त्यामुळे वाळवणाची सोय पहिली. आणि सगळ्या कढयांचा चोथा एकाच ढिगात टाकू नका. अर्क घेणारा त्यात मूळ घटक किती, त्या टक्केवारीचा रिपोर्ट मागतो. दहा वनस्पतींच्या भेसळीला तो कुठली टक्केवारी लावणार?

सबसिडीबद्दल : पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख, तेही बँकेच्या कर्जाला जोडून आणि खाद्यपदार्थांसाठी. औषधी अर्क त्यात बसतो का आणि अर्ज सध्या घेतले जातायत का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. ते पैसे लगेच हातात पडत नाहीत, म्हणून हप्त्याच्या हिशोबात धरू नका. अल्कोहोल साठवायला राज्य उत्पादन शुल्काची परवानगी लागते, ज्वालारोधक वायरिंग लागते, विम्याचा हप्ताही वाढतो. हे 38 लाखांत नाही.

तर एफडी मोडू नका. वर्षाला तिचं 1,40,000 व्याज येतं, त्यातलंच 60-70 हजार यंदा खर्च करा. फक्त हळदीच्या कढईचा चोथा महिनाभर वेगळा वाळवा, लॅबमधून कर्क्युमिन तपासून घ्या, मग दोन-तीन क्विंटल दुसऱ्याच्या प्लांटवर जॉबवर्कने काढून आणा. तो अर्क प्रत्यक्ष विका. बिल हातात आलं, की त्यावरचा किलोचा भाव मला कळवा.