तुमच्या आधीच कुणी तुमचा बेकारी भत्ता मागितला असेल तर

प्रश्न: मी अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे. ले-ऑफनंतर राज्याच्या वेबसाइटवर बेकारी भत्त्याचा अर्ज भरायला बसले, तर ‘या सोशल सिक्युरिटी नंबरवर आधीच क्लेम आहे’ असं आलं. नोकरी जाण्याच्या महिनाभर आधी माझ्या नावाचं एक डेबिट कार्ड पोस्टाने आलं होतं, बँकेची जाहिरात समजून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. आता माझे पैसे अडकतील का? दुसऱ्याने उचललेले पैसे माझ्याकडून वसूल करतील का?

उत्तर: ते कार्ड बहुधा जाहिरात नव्हतं. बऱ्याच राज्यांत भत्ता अशा प्रीपेड कार्डावरही जमा होतो. ‘बघू तरी किती आलेत’ म्हणूनही ते ॲक्टिव्हेट करू नका. सोबतचं पत्र आणि पाकीट मात्र जपून ठेवा. पत्रावर तारीख असेल तर त्या तारखेला तुम्ही नोकरीत होतात, आणि त्या काळातली पे-स्लिप तुमच्याकडे आहे. हे दोन कागद शेजारी ठेवले की तो क्लेम तुमचा नव्हता हे वेगळं सांगावं लागत नाही. जुन्या कंपनीच्या एचआरलाही विचारा. क्लेम झाला की राज्य मालकाला कळवतं, तेव्हा ती नोटीस त्यांच्याकडे पडून असू शकते.

चोराने उचललेली रक्कम तुम्ही फेडायची नाही. पण ती तुम्ही उचलली नाही, हे राज्याच्या दप्तरी लेखी यायला हवं. त्यासाठी बेकारी विभागाच्या फसवणूक कक्षाकडे तक्रार करा, आणि तिचा नंबर लिहून घ्या. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या ‘आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह’वरचा रिपोर्ट वेगळा. तोही करा, पण एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. वेबसाइट शोधताना सर्चमधल्या जाहिरातींवर क्लिक नको. कामगार खात्याच्या ‘करिअरवनस्टॉप’वर प्रत्येक राज्याची खरी लिंक असते. अर्जाला फी नसते, त्यामुळे पैसे घेऊन ‘अडकलेला क्लेम सोडवून देणारा’ भेटला तर तो त्याच माळेचा मणी समजा.

आता तुमचा अर्ज. सिस्टीम ‘जुना क्लेम पुढे चालवा’ असं सुचवू शकते, तिथे हो म्हणू नका. तो चोराचा क्लेम आहे, त्यात चोराचा बँक खाते क्रमांक असू शकतो. बेकारी विभागाला फोन करून ओळख पटवा आणि तुमचा स्वतंत्र क्लेम नोंदवून घ्या. पैसे लांबतील, हे खरं. तोवर सर्टिफिकेशन, म्हणजे ‘मी अजून बेकार आहे आणि काम शोधतेय’ असं ठरावीक काळाने राज्याला कळवणं, भरता येत असेल तर एकही आठवडा चुकवू नका, आणि नोकरीसाठी कुठे-कुठे अर्ज केले ते तारखेनिशी लिहून ठेवा.

जानेवारीअखेर १०९९-जी फॉर्म येईल; वर्षभरात तुमच्या नावावर किती भत्ता दिला, हे राज्य त्यात दाखवतं. त्यात चोराचे पैसे धरलेले असतील, तर राज्याकडून दुरुस्त फॉर्म मागा. तो यायला उशीर झाला तरी टॅक्स रिटर्न थांबवू नका, त्यात फक्त तुम्हाला खरोखर मिळालेलं उत्पन्न दाखवा. आयआरएस या केंद्रीय कर खात्याकडून सहा अंकी आयपी पिन घ्या, म्हणजे तुमच्या नावाने दुसरा कुणी रिटर्न भरू शकणार नाही. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नोंदी नव्या सावकारांसाठी बंद करा; २०१८पासून ते फुकट आहे. फ्रीझने खोटा बेकारी क्लेम अडत नाही, पण चोराचं पुढचं पाऊल बहुतेक वेळा तुमच्या नावावर कर्ज हेच असतं.

वकील लगेच लावू नका, इतकं तुमचं तुम्ही करू शकता. ‘ओव्हरपेमेंट’ची, म्हणजे भत्ता जास्त दिला गेला, तो परत करा अशी नोटीस आली तर मात्र अपिलाची मुदत त्यावरच छापलेली असते. ती उलटायच्या आत अपील टाका, आणि ते फेटाळलं गेलं तर सगळे कागद घेऊन वकील गाठा.