‘मी रडले म्हणून बाळ रडतंय का?’

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता आई खुर्चीत बसते कशी, त्यावरूनच तो येणार हे कळतं. गेल्या वर्षभरात कुणी ऑफिसात बॉसशी भांडली होती, कुणाची नवऱ्याशी धुसफूस होती, एकीने तर आठव्या महिन्यात भयपट पाहिला होता. प्रत्येकीला विचारायचं एकच होतं: माझ्यामुळे बाळाचं काही बिघडलं का?

हा दोष तसा जुनाच आहे. अभिमन्यूने पोटात असताना चक्रव्यूह ऐकला हे आपण कौतुकाने सांगतो, आणि पुढे लगेच म्हणतो की सुभद्रेला झोप लागली, म्हणून बाहेर पडायचं राहिलं. गरोदर बाईला झोप लागली, हाही तिचाच गुन्हा!

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एप्रिलच्या एका दुपारी मृण्मयी आली (नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत). सोबत सासूबाई, आणि मऊ दुपट्यात गुंडाळलेलं सहा आठवड्यांचं बाळ. बसायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, “बेन, रोज संध्याकाळी सात ते दहा हा नुसता किंचाळतो. घोडियुं हलवून हलवून माझे हात गेले.” बडोद्यात मला ताईपेक्षा बेनच जास्त म्हणतात, आणि पाळण्यालाही मराठी घरांत सर्रास घोडियुं म्हणतात.

मृण्मयी हळूच म्हणाली, “मला एकच विचारायचंय. सहाव्या महिन्यात माझे बाबा गेले. मी फार रडले. म्हणून हा असा झालाय का?”

शेजारच्या बेननी तेव्हाच बजावलं होतं, “रडशो नहीं, छोकरुं रोतलुं थशे.” आता पोर खरंच रडत होतं, म्हणजे शेजारीण खरी ठरली होती.

बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. मग मी पहिल्या दोन भेटी माहिती देण्यात घालवल्या. तान्ह्या बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्यातही संध्याकाळची वेळ वाईट. जिचं गरोदरपण हसतखेळत गेलं तिचंही बाळ असंच रडतं. आणि पोटातली वार (प्लॅसेंटा) म्हणजे नुसती नळी नसते, तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) आईच्या रक्तातल्या कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचा, बराच भाग निष्प्रभ करतं. महिनोन्‌महिने चाललेलं आणि उपचार न झालेलं नैराश्य, घरातली मारहाण, उपासमार यांचा बाळाच्या वजनावर आणि वेळेआधी होणाऱ्या प्रसूतीवर परिणाम होऊ शकतो, ते मी लपवत नाही. पण वडील गेल्यावर मुलगी रडली, तर ते त्या यादीत बसत नाही.

सगळं बरोबर सांगितलं, आणि काडीचा उपयोग झाला नाही. मृण्मयी पाचवी ते सातवीच्या मुलांच्या गणिताच्या ट्यूशन घ्यायची, अगदी नववा लागेपर्यंत. तिची मुलं न समजता मान हलवत असतील, तशीच तीही माझ्यासमोर मान हलवत होती. पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतरही माणूस भाषणाच्या मोहात पडतो तो असा.

तिसऱ्या भेटीत मी सासूबाईंना बाहेर बसायची विनंती केली आणि सांगणं थांबवून विचारायला लागले.

“फार रडले म्हणतेस, म्हणजे किती दिवस?”

ती विचार करत राहिली. “चार दिवस.”

“चारच?”

“मग सगळे म्हणाले, बाळाला त्रास होईल. मी बंद केलं.”

“आणि पुढे?”

“बाथरूममध्ये. नळ सोडून.”

माहेर रावपुऱ्यात, दोन किलोमीटरवर. पण आई दुःखात, भाऊ कॅनडात, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरीच राहिली. डोहाळजेवण झालं नाही. बाळंतपणात काही कमी पडलं नव्हतं. डिंकाचे लाडू झाले, अळीवाची खीर झाली, शेजारणीने गुजराती पद्धतीचं काटलुंही दिलं, मालीशवाली सकाळी येत होती. बाबांचं नाव मात्र त्या घरात कुणी काढत नव्हतं. तिला त्रास नको म्हणून.

तेवढ्यात बाळ जागं झालं, कुरकुरायला लागलं. मृण्मयीने त्याला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत पुटपुटायला लागली. मला वाटलं, अंगाई असेल. नीट कान दिला.

“दीड… तीन… साडेचार… सहा… साडेसात… नऊ…”

“हे काय म्हणतेस?”

ती ओशाळली. “काही नाही, सवय. दिडकी, दीडाचा पाढा. ट्यूशनला मुलांना गंमत म्हणून म्हणून दाखवायचे.”

“आता कोण शिकवतं पावकी-दिडकी! तुला कुणी शिकवली?”

थोपटणारा हात थांबला. “बाबांनी. ते गणिताचे मास्तर होते ना. संध्याकाळी ओटल्यावर बसवून घ्यायचे.”

मग ती रडली. नळ न सोडता, मोठ्याने, बाळ खांद्यावर तसंच. आवाज ऐकून सासूबाई दार ढकलून आत आल्या. मला क्षणभर धास्ती वाटली, आता या बाळ काढून घेणार आणि म्हणणार, अगं रडू नकोस. पण काकूंनी (सासूबाईंना मी काकूच म्हणते) बाळाला हात लावला नाही. त्या तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या, त्याच लयीत, जशी ती बाळाच्या. वीस मिनिटं तरी गेली असतील. मधे बाळही थोडं रडलं, मग आईच्या मानेत तोंड खुपसून झोपलं. मी गप्प बसले, आणि त्या दिवशीचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं.

लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीनच्या रुग्णालयात सुमारे चाळीस वर्षं मुलं तपासणारे डोनाल्ड विनिकॉट (१८९६–१९७१) हे मला माझे गुरू वाटतात. त्यांचं म्हणणं असं की एकटं बाळ असं काही नसतंच. बाळ बघायला गेलं की त्याला धरणारं कुणीतरी दिसतंच, आणि त्या धरणाऱ्यालाही कुणी धरलेलं असावं लागतं. मी हे अनेकदा शिकवलंय. त्या दुपारी काकूंनी ते माझ्यासमोर करून दाखवलं, आणि त्यांनी विनिकॉटचं नावही ऐकलेलं नाही.

तिची दिडकी पोटातल्या बाळाने ऐकली असेल का? आवाज नक्कीच पोचला असेल. सहाव्या महिन्यानंतर बाळाला ऐकू यायला लागतं. मानसशास्त्रज्ञ अँथनी डीकॅस्पर यांनी १९८० साली दाखवलं की नवजात बाळं परक्या बाईपेक्षा स्वतःच्या आईचा आवाज पसंत करतात. १९८६च्या त्यांच्या प्रयोगात आयांनी गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत रोज मोठ्याने वाचलेला उतारा जन्मल्यावर बाळांना ओळखीचा वाटला. मृण्मयी तर नववा लागेपर्यंत रोज दोन तास गणित बोलत होती. गर्भसंस्काराच्या वर्गाला पैसे भरले नाहीत याची तिला खंत होती. मी म्हटलं, “तुझा वर्ग घरातच चालू होता की.” ती पहिल्यांदा हसली. त्या वर्गांना माझा विरोध नाही. चार गरोदर बायका एकत्र बसतात, श्वास मोकळा करतात, चांगलंच आहे. विरोध भीती विकण्याला आहे.

पुढच्या भेटींत घरी काय करायचं ते बोललो. ज्यांच्या घरी तान्हं आहे, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

आईने चोवीस तास आनंदी असायची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि बाळांचे चेहरे कॅमेऱ्यात टिपून पाहिले, तेव्हा दोघांचा सूर वेळेच्या जेमतेम ३० टक्केच जुळलेला आढळला. बाकी वेळ चुकणं आणि परत जुळवणं. बाळ त्या परत जुळवण्यातून शिकतं. तेव्हा चिडलात, कंटाळलात, तर पाच मिनिटांनी परत या, जवळ घ्या, बोला. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचं बरं दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवा, एवढा माझा हट्ट आहे.

रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर सुरक्षित झोपवून दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या, कुणाला तरी बोलवा. बाळाला गदागदा हलवायचं कधीच नाही, मेंदूला इजा होते. घरी संध्याकाळी सातला नवरा बाळ घेईल आणि मृण्मयी आंघोळीला जाईल, असं ठरलं. नळ आंघोळीपुरताच.

दूध पुरतं का, हे रडण्यावरून मोजू नका. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पिणं, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओली लंगोटं आणि वाढतं वजन, एवढं असलं की पुरतंय. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, बडोद्याच्या मे महिन्यातही नको. घुटी नको, आणि मध तर वर्षभर नकोच. काकू यावर रुसल्या, त्यांची स्वतःची तीन पोरं घुटीवर वाढली होती. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर रात्र काढू नका, डॉक्टरांकडे जा. गरोदरपणी बाळाची हालचाल कमी वाटली तरी तसंच.

काकूंना आणखी एक काळजी होती. शेजारच्या घरचं बाळ आधी हसलं होतं. मी त्यांना सांगितलं, इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांची वाढ मोजून भारतीय मुलांसाठी मोजपट्टी तयार केली. तिसाव्या महिन्यापर्यंतच्या त्या चाचणीत हालचालींचे ६७ आणि समजेचे १६३ टप्पे आहेत. “एका हसण्यावर कशाला अडताय?” बडोदं आणि फाटक ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

आईच्या मनाचंही बघावं लागतं. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं सर्रास असतं. त्यापुढेही उदासी, बाळाविषयी काहीच न वाटणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं चालू राहिलं, तर ते आजारपण आहे आणि बरं होतं. माझ्याकडे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची १९८७ची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली असते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, तो मी न कचरता विचारते. मृण्मयीचं उत्तर ‘कधीच नाही’ होतं. कुणाचं तसं नसेल तर थांबू नका. मनाच्या आजारांसाठी फोनवर मदत देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालतो.

शेवटच्या भेटीला ती जूनमध्ये आली. संध्याकाळचं किंचाळणं ओसरलं होतं, ते तसंही ओसरणारच होतं. दर रविवारी ती बाळाला घेऊन रावपुऱ्याला जात होती, आणि ओटल्यावर आईबरोबर बाबांच्या गोष्टी निघत होत्या. काकूही सोबत जात होत्या.

निघताना काकू दारात थबकल्या. “बेन, तुम्हाला औटकी येते का हो? हिचं तिथं अडतं. मला तर दिडकीसुद्धा येत नाही.”

साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस. पुढे माझंही अडलं.